चावीबाबांचा परवाना

भर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याच्या मंडपाखाली शेकडो माणसं लोकरीची कांबळी पांघरून बसली होती, आणि कुणाचीही तक्रार नव्हती. पंखे होते, ते बंद ठेवले होते. पाणी होतं, ते कढत होतं. पांढऱ्या सदऱ्यातले सेवक पेल्यापेल्यानं ते पाजत फिरत होते आणि दर पेल्यामागे "तापा, आधी तापा," असं बजावत होते. माणसं घामानं निथळत होती. कुणाची मान कलली होती, कुणाचे पाय लाकडाच्या ओंडक्यांसारखे पुढे पसरले होते. एक सेवक मोबाइलवर हे सगळं टिपत होता.

"काका, जरा उभं राहून दाखवा बघू."

काका उठायला गेले. गुडघे दुमडले आणि दोघा सेवकांनी त्यांना अलगद झेललं. झेलण्याचा सराव दांडगा होता.

"बघून ठेवा मंडळी. ही आत्ताची अवस्था. थोड्या वेळानं हेच काका स्वतःची गाडी स्वतः चालवत घरी जातील."

मंडपभर हात जोडले गेले. तिसऱ्या रांगेत एका बाईनं मात्र अंगावरचं कांबळं काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. शेजारी बसलेल्या तिच्या नणंदेनं ते उचलून पुन्हा तिच्या खांद्यावर घातलं.

"ताई, उकडतंय मला."

"उकडायलाच हवं. बाकीचे बसलेत ना गुपचूप?"

"इथे म्हशी अशा बांधल्या असत्या, तर मी मालकावर केस ठोकली असती."

हे ती नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हती. ती जनावरांची डॉक्टर होती. गाय काही रिक्षा करून दवाखान्यात येत नाही, दवाखान्यालाच गोठ्यापर्यंत जावं लागतं. त्यामुळे तिची गाडी हाच तिचा दवाखाना होता. मागची सीट काढून तिथे औषधांची पेटी, दोरखंड, रबरी बूट आणि लशींचा बर्फाचा डबा ठेवलेला. ती गाडी ती वर्षानुवर्षं एकटी हाकत आली होती, चिखलातून, घाटातून, कुठूनही.

मग एका हिवाळ्यात डाव्या डोळ्यासमोर धुरकट झालं. पुढे उजवा पाय अधूनमधून संपावर जाऊ लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते, आणि सोललेल्या वायरीत करंट जसा कधी जातो, कधी अडतो, तसा निरोप कधी पायापर्यंत पोचतो, कधी वाटेतच विरतो. औषधांनी आजार आटोक्यात ठेवता येतो, मुळासकट जात नाही, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

गाडीचं काय, हा तिचा पहिला प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, "गाडी सोडाच असं मी म्हणत नाही. पण पायावर भरवसा ठेवू नका. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचा दांडा मिळतो, तो बसवून घ्या. पुनर्वसन केंद्रात ड्रायव्हिंगची तपासणी करून घ्या. परवान्याच्या कचेरीला आजार कळवा. आणि उन्हात, तापलेल्या गाडीत बसू नका. अंग तापलं की तुमची लक्षणं वाढणार."

तिनं मान डोलावली, घरी आली आणि यातलं काहीएक केलं नाही. वासराच्या मोडक्या पायाला कामट्या बांधणारी ही बाई, पण स्वतःच्या गाडीला दांडा लावायचा म्हटल्यावर तिचं नाक वर गेलं. पांगळ्याची गाडी मी चालवणार नाही, म्हणाली. तपासणीला गेलो आणि नापास झालो तर, ही भीती तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. मधला मार्ग म्हणून नवराच तिला गोठ्यागोठ्यावर नेऊ लागला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाला कुलूप घालून तो तिच्याबरोबर हिंडायचा आणि ती गाभण गाय तपासत असताना गाडीत बसून, डोळ्याला भिंग लावून, मांडीवरच्या पाटावर कुणाचं तरी घड्याळ उघडायचा. त्याची गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली. तो एका शब्दानं बोलला नाही, आणि तिला तेच सहन होईना. आता एक तर गाडी पुन्हा तिच्या हातात यायला हवी होती, नाहीतर तिनं काम सोडून घरात बसायला हवं होतं.

अशा वेळी नणंदेनं चावीबाबांचं नाव काढलं. नणंद बँकेत मोठ्या हुद्द्यावर. लोकांच्या सह्या भिंगाखाली धरून बघणारी, सख्ख्या भावाच्या चेकवरही शंका काढणारी बाई. पण चावीबाबांवर तिनं डोळे मिटून विश्वास टाकला, कारण तिच्या साहेबांच्या मेहुणीनं सांगितलं होतं. नसांच्या आजारात बाबांचा हात धरणारा कुणी नाही म्हणे. रोग्याच्या हातात त्याच्याच गाडीची चावी ठेवतात आणि रोगी गाडी चालवत निघून जातो.

"चल, जरा गंमत बघून येऊ," असं म्हणून डॉक्टरीण आली होती. आपण नुसती गंमत बघायला चाललोय, असं तिलाही खरंच वाटत होतं. गाडी नणंदेनं हाकत आणली होती, आणि चावी फाटकावरच सेवकांनी मागून घेतली होती.

मंडपातून एकेका तुकडीला आत घेत होते. आत म्हणजे मंडपाला लागून असलेली, खिडकी नसलेली एक अगडबंब इमारत. तिचं जाडजूड दार दोघांनी ओढलं तेव्हा कुठे उघडलं. आत पाऊल टाकताच गार हवेचा लोट अंगावर आला आणि लोकांनी सुस्कारे सोडले.

"बघितलंस? पाय ठेवल्याबरोबर शांत वाटतं. ही सगळी बाबांची कृपा," नणंद कुजबुजली.

सेवकांनी कांबळी काढून घेतली आणि प्रत्येकाला बिनबाह्यांचं एक पांढरं, जडशीळ जाकीट घातलं. त्याचं नाव शक्तिकवच. मग दात ठणकतील असं थंडगार सरबत आलं. समोर उंच आसनावर चावीबाबा बसले होते. पांढरे मोजे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड पांढरा स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी. बाबांना ऊन-थंडी एकच, असं सेवक सांगायचे, आणि बाहेर अंडी उकडत असताना आत स्वेटर घालून बसलेला माणूस बघून लोक ते मानायचे.

"शरीर ही गाडी आहे," बाबांनी सुरुवात केली. "आत्मा ड्रायव्हर आहे. डॉक्टर काय करतात? गाडी ढकलतात. जन्मभर ढकलतात. मी ढकलत नाही. मी चावी फिरवतो. तुमच्या नसानसांत कार्बन साठलाय. माझ्या हातातून विश्वाचं व्होल्टेज निघतं, ते कार्बन जाळतं आणि रोगाची सर्व्हिसिंग होते. समजलं?"

"कार्बन सायलेन्सरमध्ये साठतो," डॉक्टरीण पुटपुटली. नणंदेनं तिला चिमटा काढला.

बाबांची ही गॅरेजची पोथी चांगली लांबलचक होती. आत्म्याचा क्लच झाला, पापाचं पंक्चर झालं, मोहाचा रिव्हर्स गिअर झाला. तोवर सगळे गारव्यात बसून राहिले. मग बाबांनी पहिल्या रांगेतल्या काकांना बोलावलं, मंडपात ज्यांचे गुडघे दुमडले होते त्यांना. ते छापखाना चालवायचे, त्यांनाही एमएसच होता. बाबांनी त्यांच्या नाकासमोर त्यांच्याच गाडीची चावी हलवली, कपाळाला टेकवली आणि "उठ," म्हणाले. छापखानेवाले उठले. चालले. लांबच्या भिंतीवरची बारीक अक्षरं त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. त्यांच्या गाडीला हातानं चालवायचा दांडा होता. "तो दांडा म्हणजे तुझ्या रोगाचं हाड आहे, काढून टाक ते," बाबा म्हणाले, आणि सेवकांनी पान्यानं तो सोडवून आणून भिंतीवरच्या तारेला अडकवलाही. त्या तारेवर आधीच काठ्या, कुबड्या आणि असे कितीतरी दांडे लोंबत होते. टाळ्यांनी इमारत दणाणली.

पुढचा नंबर डॉक्टरीणबाईंचा लागला, आणि तिथेच घोळ झाला.

ती हसू दाबत उठली, आणि उठताना तिच्या लक्षात आलं की आपण सहज उठलोय. मंडपात धड दिसत नसलेला डावा डोळा निवळला होता. तिनं उजवं पाऊल उचललं, पावलानं ऐकलं. टाच टेकली, चवडा हलवला, पुन्हा हलवला. ती भिंतीकडे बघत राहिली आणि सगळ्यात खालची ओळ तिला स्वच्छ वाचता आली. चमत्काराची टिंगल करायला आलेली ती बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली. मेंदूच्या डॉक्टरांनी इतक्या औषधांनी जे केलं नव्हतं, ते या सोंगाड्यानं करून दाखवलं होतं, आणि दांडा नको, तपासणी नको, तू पूर्वीसारखी आहेस, हे जे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं तेच तो म्हणत होता. तिनं दोन्ही हात पुढे करून चावी घेतली. पुढे कित्येक दिवस तिला ते दोन्ही हात आठवले की स्वतःची लाज वाटत असे.

निघताना सेवकानं नियम सांगितला. घरी पोचेपर्यंत गाडीच्या काचा बंद, यंत्राची थंड हवाही बंद. काच उघडली की शक्ती उडून जाते. असला एखादा नियम प्रत्येक बाबाच्या खिशात असतोच. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर काच उघडणाऱ्या रोग्याचा दोष.

डॉक्टरीण गाडी चालवत निघाली. नणंदेनं काचा घट्ट लावल्या, एसी बंद केला आणि रडत रडत भावाला फोन लावला.

"अरे, ती चालवतेय. एकटी चालवतेय. तू दुकान उघड आता."

डॉक्टरीण हसली. उन्हात तापलेली गाडी भट्टीसारखी धगधगत होती, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती उद्याच्या गोठ्यांचा विचार करत होती.

मग डावीकडचे खांब धुरकट झाले. डोळ्यात घाम गेला असेल म्हणून तिनं तो पुसला. खांब धुरकटच राहिले. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि लाल झेंडी घेतलेला एक मजूर वाहनं थांबवत उभा होता. तिनं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. म्हणजे उचलायचं ठरवलं. पाय होता तिथेच राहिला, मेल्यासारखा जड. झेंडीवाला जवळ येत चालला.

"अगं, थांबव," नणंद ओरडली.

इतक्या वर्षांच्या सवयीनं हातांनी काम केलं. तिनं गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक खेचला आणि स्टिअरिंग बाजूच्या खडीच्या ढिगाकडे वळवलं. झेंडीवाल्यानं बाजूला उडी मारली. गाडी ढिगात नाक खुपसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण झेंडीवाला उडी मारली तिथेच खाली बसून राहिला होता.

मजुरांनी तिला बाहेर काढून सावलीत बसवलं आणि माठातलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, पायांवर ओतलं. ओल्या फडक्यानं वारा घातला. ती भिजून चिंब होऊन बसली होती. बऱ्याच वेळानं उजव्या पायाचा अंगठा हलला. मग पाऊल हललं. मग खांबही नीट दिसू लागले.

"बाबांची कृपा, दुसरं काय," नणंद डोळे पुसत म्हणाली. "वाचलो. आणि बघ, पाय पण आला."

"ताई, दोन मिनिटं गप्प बसा."

ती आपल्या भिजल्या पायाकडे बघत राहिली. इथे बाबा नव्हते. चावी गाडीतच होती. व्होल्टेज नव्हतं, गॅरेजची पोथी नव्हती. नुसतं माठातलं पाणी होतं, आणि पाय परत आला होता. अंग तापलं की लक्षणं वाढणार, असं डॉक्टर म्हणाले होते. ते तिनं पथ्यासारखं ऐकून सोडून दिलं होतं. तेच वाक्य उलटं केलं की काय होतं, याचा विचार तिनं कधी केलाच नव्हता. आता तो झाला आणि सगळं धडाधड जुळत गेलं. कढत पाणी, कांबळी, बंद पंखे. मग गार हवा, आत बर्फ भरलेलं जडशीळ जाकीट, बर्फासारखं सरबत. आणि बाबांचा स्वेटर. म्हणे ऊन-थंडी एकच. त्या माणसाला हुडहुडी भरत होती, म्हणून त्यानं स्वेटर घातला होता.

"ताई, त्या दाराला चारी बाजूंनी रबर होतं. बघितलंत तुम्ही?"

"कुठल्या दाराला?"

"बाबांच्या. तसली दारं मी दूध डेअरीत बघते. ते कोल्ड स्टोरेज आहे. फळं ठेवायचं. तुमचे बाबा माणसांना आधी भाजतात आणि मग फ्रिजमध्ये ठेवतात."

नणंदेला ते पटलं नाही. "पण तुला बरं वाटलं होतं ना? नाही म्हणून दाखव बघू."

"वाटलं होतं. म्हणून तर आपण त्या माणसाच्या अंगावर जाणार होतो."

पुढच्या दर्शनाच्या दिवशी नवऱ्यानं दुकानाला पुन्हा कुलूप घातलं आणि दोघींना मंडपाशी आणून सोडलं. नणंद 'मी फक्त बघणार' या अटीवर आली होती. डॉक्टरणीनं गुरांच्या लशींचा डबा बर्फाच्या पिशव्यांनी गच्च भरून आणला होता. थर्मामीटरही होता. गायीला कुठे लावतात हे सांगायची गरज नाही तो नव्हे, लशींच्या डब्यातली थंडी मोजायचा, आणि त्या दिवशी तो भिंतींना लावायचा होता.

मंडपात तोच देखावा होता. तेच कढत पाणी, तीच कांबळी. पाळणाघर चालवणारी एक बाई पहिल्या रांगेत मान टाकून बसली होती. सेवकानं तिला उभं करायचा खेळ नुकताच करून दाखवला होता. डॉक्टरीण थेट तिच्यापाशी गेली.

"बाई, एमएस आहे?"

"हो."

"कांबळं काढू? बर्फ लावून बघायचाय. पटलं नाही तर लगेच थांबते."

बाईनं थकलेली मान हलवली. डॉक्टरणीनं कांबळं काढलं, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या तिच्या मानेशी आणि काखेत ठेवल्या, गार पाणी प्यायला दिलं. सेवक धावत आला.

"हे काय चाललंय? तप मोडतंय. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"जनावरांची आहे. माणसांना औषध द्यायचा परवाना नाही मला. पण गार पाणी पाजायला परवाना लागत नाही."

लोक हसले. सेवकानं डबा ओढायचा प्रयत्न केला, तर आधीपासून चिडलेली नणंद मध्ये उभी राहिली. तिला बाबांबद्दल काय वाटत होतं कोण जाणे, पण वहिनीच्या वस्तूला परक्यानं हात लावलेला तिला खपण्यातला नव्हता. गडबड वाढली तशी माणसं जवळ सरकली. थोड्या वेळानं पाळणाघरवाल्या बाईंनी मान वर केली. पाय हलवून बघितला. मग खुर्चीला धरून त्या उठल्या, हात सोडून उभ्या राहिल्या, आणि फाटकावरची पाटी मोठ्यानं वाचली: "चावी घेताना दान विसरू नये."

मंडपातल्या माना पाटीकडे वळल्या. मग कुणीतरी खो खो हसलं.

"बाई, हा गुण नाही," डॉक्टरीण तिला म्हणाली. "बर्फ काढला आणि उन्हात गेलात की पुन्हा होतं तसंच होईल. तुम्हाला फसवायला नाही, दाखवायला केलं मी हे."

एव्हाना खबर आत पोचली होती. जाड दार उघडलं आणि चावीबाबा स्वतः बाहेर आले, स्वेटर, टोपी, मोज्यांसकट. पत्र्याखाली पाऊल टाकताच त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"कोण ही नास्तिक बाई?"

"मागच्या वेळी तुमच्याकडून चावी घेऊन गेलेली," ती म्हणाली. "बाबा, एकच विनंती आहे. आज चमत्कार इथे, मंडपात करा. सगळ्यांसमोर. तुमच्या हातातूनच व्होल्टेज निघतं ना? मग ते फ्रिजमध्येच का निघतं?"

"माझी शक्ती दाराबाहेर येत नाही."

"येणार कशी? दाराला रबराचं सील आहे." तिनं थर्मामीटर वर धरला. "हा इथल्या खांबाला लावून बघा आणि तुमच्या आतल्या भिंतीला लावून बघा. यापुढे मला काही बोलायचंच नाही."

बाबांनी टोपी काढून घाम पुसला. पण पोथी एवढ्यात संपणारी नव्हती. "श्रद्धा कमी पडली तुझी. तू वाटेत काच उघडली असणार."

तेवढ्यात मागून एक माणूस कसाबसा पुढे आला. छापखानेवाले. दोरीनं बंपर बांधलेली त्यांची गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि ती त्यांच्या बायकोनं चालवत आणली होती. त्यांनी बाबांपुढे हात जोडले.

"बाबा, माफी मागायला आलोय. मी काच उघडली होती. फार उकडलं म्हणून. बोटभरच उघडली. पुढे पाय चालेना, भिंतीवर घातली गाडी. ही मागे बसली होती, हिच्या कपाळाला टाके पडले. माझीच चूक झाली."

कपाळाला पट्टी लावलेली त्यांची बायको शेजारीच उभी होती. मंडपातलं हसू थांबलं. स्वतःची बायको जखमी करून घेतलेला माणूस, ज्यानं त्याला फसवलं त्याचीच माफी मागत होता, आणि बाबा मोठ्या मनानं ती द्यायला हात वर करत होते.

तेव्हा नणंद बोलली. "काच बंद होती."

"काय?" बाबा म्हणाले.

"आमच्या गाडीची काच बंद होती. शेवटपर्यंत. मी स्वतः बंद केली होती, एसी पण मीच बंद केला होता. माझ्या वहिनीचा पाय तरी अडकला. रस्त्यावर एक माणूस उभा होता. तो मेला असता तर मी काय सांगितलं असतं त्याच्या घरी? श्रद्धा कमी पडली म्हणून? माझी श्रद्धा तर काठोकाठ भरली होती." ती छापखानेवाल्यांकडे वळली. "दादा, तुम्ही माफी मागू नका. तुम्ही काच उघडली हेच एक शहाणपणाचं काम केलंत."

बाबांनी तोंड उघडलं. पण डोक्यावर पत्रा, अंगात स्वेटर. घाम नाकावरून ओघळत होता आणि विश्वाचं व्होल्टेज धापा टाकत होतं. ते वळले, लगबगीनं आत गेले आणि दार लावून घेतलं. कुणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या, बाहेर राहिले तर नासतील."

मग डॉक्टरणीनं सगळं समजावून सांगितलं, पाळणाघरवाल्या बाईशेजारी बसूनच, कारण उन्हानं तिचाही पाय जड होऊ लागला होता. नसांवरचं आवरण झिजलं की अंगाची उष्णता थोडी वाढली तरी निरोप अडतो. अंग निवलं की तोच निरोप थोडा वेळ पुन्हा जाऊ लागतो. आजार जिथल्या तिथे राहतो. "यांनी तुम्हाला आधी तापवून आहात त्यापेक्षा वाईट केलं, मग थंड करून आहात तिथवर आणलं, आणि मधल्या अंतराचा नमस्कार स्वतःकडे घेतला. गारवा खरा आहे, तो घरीही मिळतो. पंखा लावा, ओलं फडकं ठेवा, उन्हात निघू नका. पण गारव्यात उभं राहता आलं म्हणजे उन्हात गाडी चालवता येईल, असं मानू नका. मी मानलं होतं. डोळ्यांची, पायांची तपासणी करून घ्या, आणि जो माणूस तुमचा ब्रेक काढून घेऊन तुम्हाला बरं झाल्याचं सांगतो, त्याला आधी विचारा की त्याच गाडीत तो तुमच्याशेजारी बसून येणार का."

त्या दिवशी तारेवरच्या वस्तू न्यायला माणसं आत शिरली तेव्हा सेवकांनी अडवलं नाही. छापखानेवाले आपला दांडा छातीशी धरून बाहेर आले. डॉक्टरीण त्यांच्याजवळ गेली.

"हा बसवून कुठे मिळतो?" तिनं विचारलं. "आणि सवय व्हायला त्रास होतो का?"

ते तिथेच खुर्चीवर बसून हातवारे करत तिला सगळं समजावू लागले.

पुनर्वसन केंद्रातल्या तपासनीस बाई कडक होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी तिला नापास केलं. दांडा हाताळताना तिचं लक्ष आरशावर राहत नव्हतं. ती घरी येऊन खूप रडली, आणि मग रिकाम्या मैदानात रोज सकाळी सराव करत राहिली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, अटींसह. परवान्यावर हाताच्या दांड्याची नोंद झाली. भर उन्हात निघायचं नाही, गाडी आधी गार करून मग बसायचं, थकवा जाणवला की थांबायचं, आणि ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासणीला यायचं. दृष्टी धुरकट असेल त्या दिवशी चावीला हात लावायचा नाही, ही अट तिनं स्वतः घालून घेतली. असा दिवस आला की ती गोठेवाल्यांना फोन करून उद्या येते म्हणून सांगते, आणि ते चालतं, असं तिला आता कळलंय. नवऱ्याच्या दुकानाचं कुलूप निघालं.

पहिल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, नणंदेला बँकेत सोडून पुढे गोठ्यावर जायचं ठरलं होतं. गाडी गार झाली होती. नणंद दार उघडून उभी राहिली, आत मात्र बसेना. स्टिअरिंगशेजारच्या दांड्याकडे बघत होती.

"म्हणजे तू बरी झाली नाहीस."

"नाही."

"होणार पण नाहीस?"

"आज तरी त्यावर औषध नाही, ताई."

"आणि तरी चालवणार?"

"बरी झाले असं मी मानलं, त्या दिवशी तुम्हाला खडीत घातलं. बरी नाही हे आज मला पक्कं ठाऊक आहे. काय येत नाही ते ठाऊक आहे, कुठे थांबायचं ते ठाऊक आहे. त्या दिवशी डोळे मिटून बसला होतात. आज उघडे ठेवून बसा, हातांकडे बघा, शंका आली तर विचारा. मग ठरवा."

नणंदेनं आत वाकून बघितलं. दांडा कसा चालतो ते विचारलं, ब्रेक लावून दाखवायला सांगितला, पुन्हा एकदा दाखवायला सांगितला. मग ती गाडीत बसली आणि तिनं पट्टा लावला.